शलूची पहिली ओळ

"…बाकी सगळं अचूक लिहिते, अक्का. मग नेमकी हीच एक ओळ ती चुकवते कशी?"

गोदाक्कांनी मान वर केली नाही. चिंचेचं एक बुटुक उचललं, टरफल काढलं, शिरा ओढल्या, चिंचोका बाजूला टाकला.

"कुठली ओळ?"

"पहिली."

"आणि दुसरी?"

"दुसरीपर्यंत जातंय कोण? पहिलीच चुकली की मी कागद काढून घेते. नवा देते."

अक्कांनी सुपातल्या चिंचा हेमलताच्या बाजूला थोड्या सरकवल्या.

नदीपलीकडच्या त्या लहानशा मठात ही रीतच होती. प्रश्न घेऊन येणाऱ्याच्या हातात आधी काम दिलं जायचं. अक्का म्हणायच्या, हात रिकामे असले की माणूस उत्तर ओढून घ्यायला बघतो. हेमलताला ही रीत ठाऊक होती. लग्नाआधीपासून ती इथं येत होती, अक्कांनीच तिला उपदेश दिला होता. तरी आज तिचे हात चिंचेत होते आणि जीव अंगणात.

अंगणात करंजाच्या सावलीत तिची सात वर्षांची शलाका, म्हणजे शलू, चिंचोक्यांचे डोंगर रचत बसली होती.

हेमलता बोलत होती अक्कांशी, पण एक कान सतत तिकडे लावलेला. मुलगी वाकली, ठीक आहे. खोकली… नाही, हसली. ठीक आहे.

"सोमवारी शाळा उघडते," ती म्हणाली. "पहिलीचं वर्ष मी घरीच करून घेतलं. आता दुसरीत थेट बसवणार आहेत. दिवसभर ती माझ्या नजरेआड, अक्का. दिवसभर."

"मग?"

"तिचा दमा तुम्हाला माहीत आहे. गेल्या दिवाळीत फटाक्यांचा धूर घरात आला आणि पोरीचे ओठ निळे पडले. दवाखान्यात नेईपर्यंत माझ्यात जीव नव्हता. मी घरात होते म्हणून वाचली."

अक्कांनी आणखी एक चिंच उचलली.

"शाळेला सांगितलंस?"

"सांगितलं. डॉक्टरांची चिठ्ठी दिली. मी स्वतः दोन पानं लिहून दिली. बाईंनी घडी घालून टेबलाच्या खणात ठेवली. आता एवढ्या पोरांत त्यांना ऐन वेळी ते पान सापडणार आहे का? म्हणून म्हटलं, हिनंच लिहावं. श्वास अडकला तर काय करायचं, तिच्या हातानं, तिच्या अक्षरात. कार्ड करून दप्तरावरच लावून देईन. आणि स्वतः लिहिलेलं माणूस विसरत नाही."

"हे बरं केलंस."

एवढ्या शब्दांनीही हेमलताला धीर आला. ती जरा सरसावून बसली.

"एकदम नाही हो सांगितलं तिला. आधी सवय लावली. चार महिने घरी रोज एक खेळ घेते. कृती लिहायचा खेळ. तिनं लिहायचं आणि मी लिहिलंय अगदी तसंच करायचं. स्वतःची अक्कल चालवायची नाही."

"म्हणजे कसं?"

"पहिल्यांदा लिंबाचं सरबत घेतलं. तिनं लिहिलं, पाणी घ्या, लिंबू पिळा, साखर घाला. मी अख्खं लिंबू मुठीत धरलं आणि पिळत बसले. ती म्हणते, आई, काप की. मी म्हटलं, कुठं लिहिलंय काप म्हणून?"

"मग सरबत झालं?"

"नाही ना. पण तिला कळलं."

"तहान लागली होती का तिला?"

"…आठवत नाही. दुसऱ्या दिवशी बूट घेतले. तिनं लिहिलं, बूट घाला. मी हातात घातले. पोट धरून हसली त्या दिवशी. मग हळूहळू हसायची बंद झाली आणि नीट लिहायला लागली. आता काय सांगू, टॉवेलची घडी घालायची कृती लिहिली, तर कुठल्या टोकाला कुठलं टोक आणायचं तेही लिहिते. झाडांना पाणी, कपाटातून अंथरूण काढणं, सगळं. एक पायरी सुटत नाही तिची."

हे सांगताना हेमलताच्या आवाजात अभिमान आला होता, आणि तो लपवायचा तिनं प्रयत्नही केला नाही. आळीतल्या दोघीतिघी तिच्याकडून हा खेळ शिकून गेल्या होत्या.

"मग दम्याचं लिहायला सांगितलं…" अक्कांनीच दुवा जोडला.

"आणि गाडं अडलं. कागद देते, पेन्सिल देते. लिहिते काय? पहिली ओळ, आईला हाक मारा." हेमलताचा आवाज खाली आला. "मी तिथं नसणार आहे, हाच तर सगळा प्रश्न आहे. तिला समजावते. ती मान हलवते. नवा कागद देते. पुन्हा तेच. मी खोडते, ती लिहिते. रागावून झालं, गोंजारून झालं. तिचे बाबा म्हणतात, तूच लिही आणि चिकटवून टाक. तसं करून कसं चालेल? ऐन वेळी ही नुसती मला हाका मारत बसली तर? घरापासून शाळा वीस मिनिटांवर आहे, अक्का. श्वास वीस मिनिटं थांबतो का?"

अक्कांनी तिच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच नीट पाहिलं.

हेमलताच्या हातातलं बुटुक चुरगळून गेलं होतं. चिंचोका, शिरा, गर, सगळं एकत्र.

"तिला इकडे बोलाव," अक्का म्हणाल्या.

शलू आली. गुडघ्यांना माती, हातात चिंचोके.

"शलू, मला एक लिहून देशील का गं?"

"कशाचं?"

"तू आज माझ्याकडे आलीस. इथं तुझा श्वास अडकला तर मी काय करायचं? मला काही माहीत नाही. लिहून दे, म्हणजे मी तसं करीन."

शलूनं आधी आईकडे पाहिलं. मग अक्कांकडे.

"तुम्ही पण लिंबू न कापता पिळणार?"

"मला सरबत आवडतं," अक्का म्हणाल्या. "मी कापून घेईन."

शलूला हे पटलेलं दिसलं.

"सगळं लिहू?"

"संपेपर्यंत लिही."

हेमलतानं पिशवीतून कागद आणि पेन्सिल काढून दिली. कागदाखाली धरायला एक पुठ्ठाही होता. चार महिन्यांच्या सवयीनं ती सगळं बरोबर घेऊनच फिरायची. शलू ते घेऊन पुन्हा करंजाखाली गेली आणि पुठ्ठा मांडीवर ठेवून लिहायला बसली.

हेमलता उठायला लागली.

"तू इथंच," अक्का म्हणाल्या. "आणि तिकडे बघायचं नाही."

"मी नुसती लांबून…"

"पाठ कर तिकडे."

हेमलतानं पाठ केली.

किती वेळ गेला कोण जाणे. समोर सूप होतं, भिंत होती, भिंतीवर वाळत घातलेलं एक लुगडं होतं. मागून काही आवाज येत नव्हता. हेमलताला वाटलं, पेन्सिलचा तरी आवाज यायला हवा. नंतर वाटलं, एवढ्या लांबून तो कसा येईल. तिला मान वळवायची होती. मान वळवली तर अक्कांना दिसलं असतं. नाही वळवली आणि तिकडे काही झालं तर?

"अक्का, ती गप्प आहे."

"लिहितेय."

"श्वास…"

"चालू आहे."

"तुम्हाला कसं कळतं? तुम्ही तर चिंच बघताय."

"चिंच हातांनी होते," अक्का म्हणाल्या.

हेमलतानं एक चिंच सोलली, दुसरी सोलली. तिसरीचा चिंचोका गराच्या ढिगात टाकला आणि गर चिंचोक्यांत. तिच्या ते लक्षात आलं नाही. अक्कांनी निमूटपणे अदलाबदल केली.

अखेर पावलं वाजली. शलू कागद घेऊन आली. कागद वरपासून खालपर्यंत भरला होता. तिनं तो अक्कांच्या हातात दिला.

हेमलताची नजर वरच्या ओळीवर गेलीच.

आईला हाक मारा.

"बघितलंत?" ती म्हणाली. "बघितलंत ना? काय करू मी हिचं?"

तिनं पेन्सिल मागायला हात पुढे केला. अक्कांनी कागद मांडीवर ठेवून त्यावर तळहात ठेवला.

"राहू दे."

"कशी राहू देऊ? शलू, इकडे बघ. किती वेळा सांगितलं? मी नसणार तिथं. तुझी आई नसणार. तू हाका मारशील आणि मला ऐकू येणार नाही. मी नसणार, समजतंय का तुला? नसणार."

शलू रडली नाही. तिची हनुवटी मात्र आवळली गेली. ती काहीतरी बोलायला गेली आणि शब्दाऐवजी छातीतून एक बारीक शिट्टी आली.

हेमलताला तो आवाज हजार आवाजांतून ओळखता आला असता.

ती अशी उठली की सूप कलंडलं. पिशवी ओढली. पिशवीची चेन चिंचेच्या चिकट बोटांना सापडेना. सापडली तर सरकेना. "काही नाही, काही नाही, आई आहे ना, काही होत नाही," असं ती म्हणत होती, पण म्हणताना तिचा आवाज चढतच चालला होता. दम्याच्या औषधाचा पंप हातात आला, त्याचं टोपण निघेना. त्याला लावायची प्लॅस्टिकची नळी जमिनीवर पडली आणि घरंगळत गेली.

शलूची छाती वरखाली होत होती. ती उभीच होती. तिची नजर पंपावर नव्हती, आईवर होती.

अक्कांनी एक डोळा पोरीवर ठेवून कागद उचलला.

"आईला हाक मारा," त्यांनी वाचलं. मग हाक मारली, "हेमा."

"अक्का, ती नळी… नळी द्या ना कुणी…"

"आईला खाली बसवा." अक्का उठल्या. त्यांनी हेमलताचे दोन्ही खांदे धरले आणि तिला खाली बसवलं.

"मला काय बसवता? तिला बघा…"

"तिला सांगा, शलू बरी होणार आहे." अक्कांनी कागदावरून नजर वर केली. "हेमा, शलू बरी होणार आहे."

त्या हे अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. कुणीतरी सांगितलेला निरोप पोचवावा तसं.

"तिच्याकडून पंप घ्या. तिचे हात हलतात."

हेमलतानं आपल्या हातांकडे पाहिलं.

अक्कांनी तिच्या बोटांतून पंप सोडवून घेतला.

"पंप मला द्या."

त्यांनी तो शलूला दिला.

पुढचं वाचायची गरज पडली नाही. शलूनं चालत जाऊन नळी उचलली, फ्रॉकला पुसली. टोपण काढलं. भिंतीला पाठ टेकून ताठ बसली. पंप हलवला, नळीला लावला, नळी ओठांत घट्ट धरली, दाबलं. हळू श्वास घेतला… धरला… सोडला. थोडी थांबली. डॉक्टरांनी शिकवलं होतं तसं पुन्हा एकदा केलं.

हेमलता बसवली होती तिथंच बसून होती. उठावंसं वाटत होतं, पण खांद्यावर अजून अक्कांचा हात होता.

शिट्टी बारीक झाली. आणखी बारीक झाली. मग ऐकू येईनाशी झाली.

अंगणात कुठं तरी साळुंक्या भांडत होत्या. त्या बहुधा सगळा वेळ भांडत असाव्यात.

"तू मला वाचूच दिलं नाहीस," अक्का शलूला म्हणाल्या. "खालचं सगळं राहिलं."

"मला पाठ आहे," शलू म्हणाली. आवाज थोडा घोगरा होता. "ते दुसऱ्यांसाठी लिहिलंय."

"आणि वरचं?"

शलूनं नळीवर टोपण बसवायचा प्रयत्न केला. ते पंपाचं टोपण होतं. तिनं ते पंपाला लावलं.

"वरचं आधी करायला लागतं," ती म्हणाली. "नाहीतर पंप मिळत नाही."

हेमलताला दिवाळीचा तो दिवस आठवला. धूर आठवला, आपली ओरड आठवली, शेजारीपाजारी धावत आलेले आठवले. पंप हातातून सुटून पलंगाखाली गेला होता, तेही आठवलं. रिक्षात मात्र तो शलूच्या हातात होता. मधल्या वेळात पलंगाखाली कोण गेलं होतं, हे तिनं कधी विचारलंच नव्हतं. मी होते म्हणून वाचली, असं तिनं किती जणांना सांगितलं होतं…

"शलू," ती हळूच म्हणाली. "हे पुढचं मला आधी का नाही गं सांगितलंस?"

"लिहीत होते ना. तू कागद घ्यायचीस."

ती हे तक्रारीनं म्हणाली नाही. खेळाचा नियम सांगावा तसं म्हणाली. मग आईजवळ आली, तिच्या मांडीवर क्षणभर हात ठेवला आणि विचारलं, "आता तुला बरं वाटतंय?"

हेमलतानं मान हलवली.

"मग मी जाऊ डोंगराकडे? अर्धाच झालाय."

"हळू जा," हेमलता म्हणाली. नंतर आपल्याच बोलण्याला थांबवत म्हणाली, "जा."

शलू करंजाखाली गेली.

अक्का सांडलेल्या चिंचा सुपात भरायला लागल्या. हेमलताही पुढे झाली. दोघी चिंचा गोळा करत राहिल्या. माती लागलेल्या निराळ्या, बाकीच्या निराळ्या.

"माझे हात खरंच इतके हलतात, अक्का? मला कधी दिसले नाहीत."

अक्कांनी शेवटची चिंच सुपात टाकली.

हेमलतानं पदरानं डोळे पुसले. चिंचेचा हात डोळ्याला लागला आणि डोळा झोंबला, तेव्हा पुन्हा पुसला. आणि एवढं सगळं होऊनही मनातली जुनी काळजी फणा काढून उभी राहिलीच, कारण ती कुठं गेली नव्हती. सोमवार तर सोमवारीच यायचा होता.

"पण अक्का, शाळेत मी खरंच नसणार," ती म्हणाली. "हे सगळं खरं असलं, तरी त्या कार्डावर ही ओळ कशी ठेवू? ऐन वेळी बाई मला शोधत बसल्या तर? आणि आता… आता ती ओळ खोडायला माझा हात धजणार नाही. खोडू की ठेवू, तुम्हीच सांगा."

अक्कांनी कागद उचलला. नीट गुळगुळीत केला. चष्मा लावून वरपासून खालपर्यंत एकदा वाचला. पंप दप्तराच्या पुढच्या कप्प्यात आहे, असं खाली लिहिलं होतं. बरं वाटलं नाही तर लगेच डॉक्टरांना फोन करा, नंबर मागे लिहिलाय, असंही होतं. मला आडवं झोपवू नका, सरळ बसू द्या. माझ्याभोवती गर्दी करू नका. सगळ्या पायऱ्या होत्या. एक सुटली नव्हती.

मग त्यांनी "पंप मला द्या" या ओळीच्या वर कागदाची घडी घातली. घडीवरून नख फिरवलं. कागद उलटा दुमडून पुन्हा नख फिरवलं.

आणि फाडला.

अगदी सरळ, एका रेघेत फाटला.

"शलू," त्यांनी हाक मारली. ती धावत आली. धावू नकोस, असं हेमलताच्या ओठांवर आलं होतं. ते तिथंच राहिलं.

अक्कांनी खालचा मोठा तुकडा शलूच्या हातात दिला.

"हे दप्तरावर लाव."

शलूनं तुकडा वाचला. वरच्या कडेकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं आणि जरा चिंतेत पडली.

"आणि आईचं?"

"आईचं आईकडे."

शलूनं विचार केला. तिला ते पटलं असावं. ती तुकडा छातीशी धरून परत गेली.

वरचा लहान तुकडा अक्कांनी हेमलताच्या तळहातावर ठेवला. चार ओळी. अक्षरं मोठी, थोडी खाली झुकत गेलेली.

आईला हाक मारा.

आईला खाली बसवा.

तिला सांगा, शलू बरी होणार आहे.

तिच्याकडून पंप घ्या. तिचे हात हलतात.

हेमलता त्या चार ओळींकडे बघत राहिली. सोमवारी सकाळी पोरगी शाळेच्या फाटकातून आत जाईल. मग घर, ओटा, घड्याळ. मग दिवसभर फोनकडे बघणं. तुकडा तळहातावर हलत होता. वारा मात्र नव्हता.

अक्का सूप उचलून आत निघाल्या होत्या.

"अक्का," ती मागून म्हणाली. "शाळेत ती तिचं करील… पण घरी मी एकटी. मी या तुकड्याचं काय करू?"

अक्का उंबऱ्याशी थांबल्या. वळल्या नाहीत.

"लिहिलंय तसं कर," त्या म्हणाल्या.